छबूबाई आणि राजेश्वरीचा खांदा

पंकजा सिस्टर छबूबाईचं सांगायला बसली, की आधी पोटभर हसून घेते. हसते ती स्वतःलाच. कारण पहिल्याच दिवशी तिनं छबूबाईला चक्क बाळंतपणाच्या खोलीतून हाकलून दिलं होतं.

झालं असं, की पंकजा नगरजवळच्या केडगावची. शहराला लागून राहिलेली, कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, केसांना जाळी, बोलणं तोलूनमापून. बदली झाली ती नेवाशाच्या अलीकडच्या एका गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. हजर होऊन तास झाला नाही, तोवर एक बाई कळा देत आली. पंकजा हातमोजे चढवून आत गेली, तर टेबलाच्या उशाशी एक उंच, काळीसावळी, वाळक्या शेंगेसारखी बाई उभी. विटकं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. एका हातानं त्या पोरीचा हात धरलाय आणि तोंडानं तिला झापतीय, "वरडू नगंस, वरडून ताकद जाती. दम खाली सोड, खाली. कशा गं तुमी आजकालच्या पोरी!"

पंकजाला वाटलं, ही पोरीची सासू. आणि सासू म्हटली, की पंकजाचं डोकं आधीच फिरतं. (तिची स्वतःची सासू केडगावातच असते, एवढं सांगितलं तरी पुरे.) ती म्हणाली, "ओ आजी, नातेवाईकांनी बाहेर थांबायचं. हे काय घर आहे का?"

छबूबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं. "बरं बाई," म्हणाली, आणि गेली बाहेर.

दहा मिनिटांनी बाळाचं डोकं दिसायला लागलं, पंकजाला कुणीतरी हाताशी हवं. ती ओरडली, "अहो, इथली आया कुठंय?"

बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "आया भायेर बसलीया. तुमीच बसवली."

तिची सरकारी निळी साडी मागच्या तारेवर वाळत होती, म्हणून ती घरच्या लुगड्यात होती. पंकजा आजही हे सांगताना ओढणी तोंडाला लावून हसते. पण हसणं ओसरलं, की हळूच म्हणते, "त्या दिवशी मी तिला चुकीची ओळखली ते सोडा. त्याच्यानंतर चार महिने मी तिला चुकीचीच ओळखत होते. त्याचं मला हसू येत नाही."

कारण पुढं पंकजाचं मत असं झालं, की ही बाई फडकं कमी आणि तोंड जास्त चालवते. छबूबाईची एक सवय होती. तपासणीच्या खोलीच्या दाराशी एक लाकडी स्टूल, त्यावर ती बसायची. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला अडवायची. ताप आलेली असो, विंचू चावलेली असो, नुसती लेकराला डोस पाजायला आलेली असो. "कुठली गं तू? पोरं किती? पाळी कवा आली हुती? किती दिस जाती? पोटात दुखतं का कुठं?" बायका लाजायच्या, पदर दातात धरायच्या, पण सांगायच्या. छबूबाईला न सांगून सुटका नव्हती.

"मावशी, हे काय विचारता सगळ्यांना?" पंकजा एकदा वैतागून म्हणाली. "त्यांचं खासगी असतं."

"असू द्या की. मी कुठं पेपरात छापते?"

"पण तुम्हाला करायचंय काय त्याचं?"

"मला काय करायचंय," छबूबाई म्हणाली, आणि बादली उचलून गेली. पंकजानं मनात नोंद करून टाकली, की म्हातारीला चांभारचौकश्यांची खोड आहे.

मग जानेवारीचा पहिला आठवडा आला. कारखाने जोरात सुरू होते. गावाबाहेर कॅनॉलच्या कडेला ऊसतोड करणाऱ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या, डोकं वाकवून आत शिरायच्या. पाथर्डीकडची माणसं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा त्यांचा हिशोब. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायच्या. दोघांतलं एक बसलं, की तो अर्धा कोयता. आणि अर्ध्या कोयत्याला मुकादमाच्या तोंडी फक्त शिव्या असतात.

त्या दिवशी दुपारी बाराची गर्दी सरली होती. हर्षल डॉक्टर, वयानं लहानच, नुकताच शिकून आलेला, मागच्या क्वार्टरमध्ये जेवायला गेला होता. बाळंतपणाच्या खोलीत एक पहिलटकरीण होती, तिच्या कळा सावकाश चालल्या होत्या. छबूबाई तपासणीच्या खोलीत फरशी पुसत होती. एवढ्यात मोटारसायकल थांबली आणि एक जोडपं आत आलं. अंगद आणि राजेश्वरी. त्याच्या अंगावर उसाची कुसळं, तिचा चेहरा कागदासारखा. तेवीस वर्षांची असेल.

बोलला सगळं अंगदच. "सिस्टर, खांदा भरलाय हिचा. मोळ्या उचलून. काल गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, चार तास निवांत हुती. आज परत सुरू. एक सुई मारा आन् सोडा, ट्रॅक्टर उभा हाय."

"पोटात वगैरे?"

"थोडं दुखतंय. पाळीचं हाय."

आता पंकजाचं चुकलं ते काय, हे नीट ऐका, कारण ती स्वतः ते बोटावर मोजून सांगते. नाडी जोरात होती. तिला वाटलं, उसातून आलेल्या बाईची नाडी जोरातच असणार. बीपीचा वरचा आकडा नव्वद होता. तिला वाटलं, या बायकांच्या अंगात रक्त असतं कुठं? डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरी. तेही तसंच वाटलं. आणि सगळ्यात शेवटी विचारलं, "कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन?"

"झालंय की," अंगद म्हणाला. "धाकट्याच्या येळंलाच. तीन वर्षं झाली."

झालं. तिथं पंकजाच्या डोक्यातलं एक दार बंद झालं. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जात नाहीत, म्हणून तिची लघवी कुणी तपासत नाही. गावात हे शेंबडं पोरही सांगेल. उरला फक्त मोळ्यांनी भरलेला खांदा.

"झोप टेबलवर. कमरेत द्यायचीय," पंकजा म्हणाली आणि औषध भरायला वळली.

राजेश्वरी टेबलावर आडवी झाली, आणि लगेच कुणीतरी चटका द्यावा तशी ताडकन उठून बसली. डावा खांदा हातानं धरून. "आई गं! खांदा! मला निजवू नका, बसूनच मारा सुई."

फरशी पुसणारा हात थांबला. छबूबाई पुसण्याचा दांडा धरून सरळ झाली. "पुन्ना निज बरं एकदा."

"मावशी, तुम्ही जरा—"

"एकदाच निज गं बाळा."

राजेश्वरी निजली. पुन्हा उठून बसली, या वेळी रडत.

छबूबाईच्या हातातून दांडा सुटला आणि फरशीवर खाडकन पडला. त्या आवाजानं पंकजा दचकली, कारण छबूबाईच्या हातून आजवर काही पडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"मोळी शेवटची कवा उचलली?" छबूबाईनं विचारलं.

"परवा," अंगद म्हणाला.

"तुला न्हाई इचारत. तू सांग गं."

"परवा," राजेश्वरी म्हणाली. "काल पोटात लई दुखलं, घेरी आली. म्हनून बसूनच हुते."

"मंग न उचलता खांदा आज परत कसा भरला? आन् बसल्यावर बरा, निजल्यावर भरतो, असला कुठला खांदा असतो?"

"ओ मावशी," अंगद म्हणाला, "आमच्यात समद्यांचंच खांदं दुखत्यात. माजाबी दुखतो."

"तुजाबी निजल्यावरच दुखतो का?"

अंगद अंगावरची कुसळं झटकायला लागला.

"पाळी?" छबूबाईनं राजेश्वरीला विचारलं.

"चालूच हाय. आठ दिस झालं, थेंब थेंब."

"तशी न्हाई गं. धड आलेली कवा?"

राजेश्वरीला आठवेना. मग म्हणाली, "भाऊबीजेला भाऊ आल्ता तवा बाजूला बसले हुते."

भाऊबीज ते जानेवारी. छबूबाईनं पंकजाकडं पाहिलं. पंकजाला आता राग आला होता. पेशंटच्या समोर, पेशंटच्या नवऱ्यासमोर! "मावशी, तिचं ऑपरेशन झालंय. पोटावरचा टाका मी आत्ता पाहिला. तुम्ही आया आहात, डॉक्टर नाही."

"ऑपरेशन साळूचंबी झालं हुतं," छबूबाई म्हणाली.

साळू कोण, हे पंकजाला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नाही. अंगद वैतागून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सुई. चल गं, दुसरीकडं बघू." त्यानं बायकोला दंडाला धरून उठवलं. आणि छबूबाई तरातरा बाहेर निघून गेली. पंकजाला वाटलं, रुसली. आत्ता पुढं होऊन म्हातारीची समजूत काढायला वेळ नाही.

अर्ध्या मिनिटात छबूबाई परत आली. तिच्या हातात लघवी तपासायची छोटी बाटली. अंगद बाहेर गेला आणि तसाच ओरडत आत आला. "गाडीची चावी कुठाय?"

"हाय माज्यापशी," छबूबाई म्हणाली. कमरेला, लुगड्याच्या केळ्यात खोचलेली होती, तिथं कुणाचा हात जाणार?

"दे हिकडं! मुकादम बोंबलतोय तिथं."

"बोंबलू दे त्याला. तवर ही लघवीला जाऊन येती. चल गं पोरी, माज्या खांद्याला धर." आणि ती राजेश्वरीला घेऊन गेलीसुद्धा.

पंकजा खरं सांगते, की त्या बाटलीतले थेंब पट्टीवर तिनं टाकले ते छबूबाईला खोटं पाडायलाच. मनात टोमणासुद्धा जुळवून ठेवला होता, "बघा मावशी, आता चावी द्या आणि फरशी पुसा." एक रेघ उमटली. ती तर उमटतेच. मग शेजारी दुसरी उमटायला लागली. आधी फिकी, मग गुलाबी, मग अशी ठसठशीत, की पंकजा डॉक्टरला हाका मारत मागच्या दाराकडं पळाली.

हर्षल डॉक्टर उष्ट्या हातानंच धावत आला. तोपर्यंत राजेश्वरीची नाडी एकशे तीसच्या वर गेली होती. पोटाला नुसता हात लावला तरी ती कळवळत होती. डॉक्टर म्हणाला, "नळीतला गर्भ आहे. फुटलाय. आत रक्तस्राव चाललाय." दोन्ही हातांना सलाईन लागली. एकशे आठची गाडी यायला पाऊण तास लागणार होता, म्हणून केंद्राचीच ॲम्ब्युलन्स काढली. ड्रायव्हर भीमा.

अंगद भिंतीला टेकून उभा होता. "असं कसं? ऑपरेशन झालंय ना? म्हंजे ते खोटं केलं का?" तो बायकोकडं बघत होता, मग डॉक्टरकडं, मग पुन्हा बायकोकडं. आणि त्या बघण्यात काहीतरी येऊ बघत होतं, जे यायला नको होतं.

ते छबूबाईनं बरोबर पकडलं. "ए, तिच्याकडं असं बघू नगंस. ऑपरेशन खोटं न्हाई आन् तीबी खोटी न्हाई. दोनशेत एखादीची नळी परत जुळती. नीट न्हाई जुळत, म्हनून गर्भ पिशवीपातूर जात न्हाई, नळीतच अडकून बसतो. ही घे तुजी चावी. कोपीवर जा, पोरं शेजारनीकडं दे, आन् नगरला ये. मुकादमाला सांग, आज कोयता न्हाई. अर्धाबी न्हाई."

डॉक्टर गाडीत चढला. स्ट्रेचर चढवलं. राजेश्वरीनं छबूबाईचं बोट धरलं ते सोडेना. "मावशे, पोरं कोपीवर हायेत. धाकटा कॅनॉलच्या मोरीतलं पानी पितो."

"न्हाई पीत," म्हणत छबूबाई तिच्या मागोमाग आत चढली. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारायला थांबलंही नाही. दार लागलं आणि गाडी पांढरीपुलाच्या रस्त्याला लागली.

मागं उरली पंकजा, आणि ती पहिलटकरीण. चार वाजता तिची सुटका झाली, मुलगी झाली. हाताशी आया नव्हती. पंकजानं एकटीनं सगळं केलं, नाळ कापली, बाळ पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं. पोरीच्या आईनं पेढे आणले होते, तिनं एक पंकजाच्या तोंडाजवळ नेला. पंकजानं तो घेऊन नुसता हातात धरला. तिला सारखी ती भरून ठेवलेली सुई दिसत होती, ट्रेमध्ये तशीच पडलेली. दुखणं मारायची सुई. दिली असती तर राजेश्वरीला बरं वाटलं असतं. बरं वाटलं असतं आणि ती मोटारसायकलवर मागं बसून कोपीवर गेली असती. पाचटावर आडवी पडायला बघितलं असतं.

सहाला फोन वाजला. हर्षल डॉक्टरचा आवाज बसला होता. "वाचलीय. पोटात दीड-दोन लिटर रक्त होतं, सिस्टर. टेबलवर घेतली तेव्हा नाडी लागत नव्हती. चार पिशव्या चढल्या, अजून एक चढतेय. उजवी नळी काढली." मग म्हणाला, "ऑपरेशन केलेल्या मॅडमनी मला विचारलं, खांद्याचं लक्षण कुणी ओळखलं? मी म्हटलं, आमच्या आयानं. त्या म्हणाल्या, थट्टा करू नका."

पंकजा फोन ठेवून मागच्या ओट्यावर जाऊन बसली. तारेवर छबूबाईची निळी साडी वाळून कडक झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या यष्टीनं छबूबाई आली. रात्री ती नगरात सावेडीला ज्ञानेश्वरीकडं राहिली होती. ज्ञानेश्वरी तिची पुतणी, तिथं मोबाईलच्या दुकानात कामाला असते. आल्या आल्या छबूबाईनं बादली भरली आणि काल अर्धवट राहिलेली फरशी पुसायला घेतली. पंकजानं काही बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "पाय वर घ्या."

दुपारी रबरी चादरी धुताना मात्र पंकजा तिच्यापाशी जाऊन बसली. "मावशी, साळू कोण?"

छबूबाई चादर घासत राहिली. मग बोलली ती चादरीकडं बघतच.

"माजी धाकटी जाऊ. साळूबाई. आमीबी ऊसच तोडायचो, दोन कोयते. मी आन् मालक, दीर आन् साळू. अठरा वर्षं झाली. ज्ञानेश्वरी चारची हुती, ओम दोनचा. ओमच्या वक्ताला तिचं ऑपरेशन झालं हुतं. एक दिस दुपारची म्हनाली, आक्का, खांदा लई दुखतोय. मी म्हनलं, मोळ्यांनी भरला आसंल. तेल कोमट केलं. चोळला तिचा खांदा. चांगला रगडून चोळला, अंगठा लावून. आन् म्हनलं, आता गप पड. ती पडंना. पडली का उठून बसायची. मी दामटून निजवायची, ती परत उठायची."

नळाचं पाणी वाहत होतं. पंकजानं तो बंद केला.

"मी म्हनले, साळे, नाटकं करू नगंस. मोळ्या टाळायला नाटकं करतीस, मला काय कळत न्हाई व्हय? असं म्हनले मी तिला." छबूबाईनं चादर पिळली. "ट्रॅक्टरमधनं नेली. दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टर म्हनला, नळी फुटली. पोटातलं रक्त निजल्यावर वर सरकतं, बरगडीखालच्या पडद्याला लागतं, आन् दुखतं खांद्यात. म्हनला, खांद्याला काईच झालेलं न्हवतं. मी चोळत हुते तो खांदा चांगला हुता, सिस्टर."

पंकजा एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय माहीत असणार?"

"समदे हेच म्हनले. दीरबी म्हनला. मंग त्यानं दुसरी केली आन् गेला निघून. पोरं माज्यापाशी ऱ्हायली. मी परत उसात गेले न्हाई. मोळी बघितली का मला तिचा आवाज यायचा. हितं झाडायला बाई पायजे हुती, म्हनून आले. ते डॉक्टर म्हनले हुते ना मला तवा, पाळी चुकल्याली कुनी इचारली असती तर कळलं असतं. कुनीच इचारली न्हवती. मीबी न्हाई. एका ताटात जेवायचो आमी."

मग ती उठली आणि चादर तारेवर टाकायला गेली. पंकजाला दाराशी ठेवलेलं ते लाकडी स्टूल आठवलं, आणि त्यावर बसून अठरा वर्षं बायकांना अडवून विचारलेलं ते सगळं. मनातल्या मनात चांभारचौकश्या म्हणाली होती ती त्याला. चादरीचं दुसरं टोक तिनं जाऊन धरलं.

दहाव्या दिवशी राजेश्वरी टाके काढायला आली. अंगद तिला दोन्ही हातांनी धरून आणत होता, जशी काचेची. पोरंही होती, एक त्याच्या कमरेला, एक मागं. टाके निघाले, पट्टी बसली. अंगद पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा राजेश्वरीनं हळूच विचारलं, "मावशे, ते काय हुतं? पोरगा का पोरगी?"

"कळायएवढं नसतं गं ते. बोराएवढं."

"जगलं असतं का?"

"नळीत कुनीच जगत न्हाई. ते बी न्हाई, आन् येळंवर कळलं न्हाई तर आई बी न्हाई."

राजेश्वरी खाली बघत राहिली. "मला नकोच हुतं आनखी एक. खरंच नको हुतं. पन मला ठावंच न्हवतं ना ते हाय म्हनून," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. छबूबाईनं तिला 'रडू नको' म्हटलं नाही. शेजारी बसली आणि धाकट्याला मांडीवर घेऊन त्याच्या नाकाची धार आपल्या पदरानं पुसत राहिली, तिचं रडून होईतो.

अंगदनं तिला दुसऱ्याच दिवशी पाथर्डीकडं माहेरी पोचवली. डॉक्टरनं तीन महिने वजन उचलू नको सांगितलं होतं. राहिलेला हंगाम त्यानं एकट्यानंच तोडला. मुकादमानं त्याला अर्धा कोयता म्हणून हिणवलं, पण अंगदनं एकदाही उलट तोंड केलं नाही, असं भीमा सांगत होता.

आणि केंद्रात? केंद्रात महिनाअखेर आली. कारकून श्रीमंत भाऊसाहेब हजेरीपट घेऊन बसले. माणूस वाईट नाही, पण कागदाच्या बाहेर जग आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तपासणीच्या खोलीतून पंकजाला दोघांचंही ऐकू येत होतं.

"छबूबाई, सहा तारखेला दुपारनंतरची तुमची अर्धी रजा टाकलीय."

"कशापायी?"

"दीड वाजता गेलात. संध्याकाळची सही नाही."

"ॲम्ब्युलन्समधी गेल्ते न्हवं का!"

"मला माहितीय हो. पण लेखी आदेश कुठाय? डॉक्टर गेले, ती ड्यूटी. भीमा गेला, ती ड्यूटी. आयानं बरोबर जायची पद्धत नाही. आणि वर रात्री पुतणीकडं मुक्काम. म्हणजे खासगी कामच झालं की ते."

"रातीचं सोडा. रातीची हजेरी मागतच न्हाई मी. दीड ते साडेपाचचं बोला. दोन सलाईनी हुत्या, त्या धरून बसायला कोन हुतं?"

"धरायला कशाला पाहिजे? गाडीत हूक असतो टांगायला."

"असतो. तुटलाय."

"कधी तुटला?"

"गनपतीत. तुमाला सांगितला हुता. तुमी म्हनले, मंजुरी यायचीय. आली का?"

"अजून... प्रस्ताव गेलेला आहे."

"मंग? डॉक्टर एका हातानं नाडी धरून, दुसऱ्या हातानं रक्तासाठी फोन करीत हुते. भीमाच्या हातात गाडी. घाट चढूस्तवर दोन्ही हात वर करून मी हुबी हुते. त्या दिशी हूक मीच हुते, भाऊसाहेब. हूक कवा अर्ध्या रजेवर जातो व्हय?"

आत पंकजानं ओठ दातांत धरले. हर्षल डॉक्टरनं औषधाच्या कपाटात डोकं घातलं, काहीतरी शोधल्यासारखं.

"तसं नाही हो, पण नियम—"

"नियमात हूक धड पायजे असं हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग आधी त्याची रजा टाका. गनपतीपासनं पुरी टाका. तो हजर न्हाई."

मग पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि खोडल्याचा. श्रीमंत भाऊसाहेब पुटपुटले, "घ्या. हजर लिहिलं."

छबूबाईला वाचता येत नाही. तरी तिनं वाकून त्या चौकोनात नीट पाहिलं.

"पुरं लिवलंय न्हवं?"

"पुरं लिहिलंय, छबूबाई."

"मंग पाय वर घ्या," ती म्हणाली. "फरशी पुसायचीय."